वाचकांचे प्रश्न : व्यवस्थापन आणि माहिती प्रणालीच्या वर्गात शाश्वतता

व्यवस्थापनशास्त्र आणि माहिती प्रणाली या विषयांच्या विद्यापीठीय अध्यापनात शाश्वततेला कोठे आणि कसे स्थान द्यावे, याविषयी प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील जे प्रश्न इतरांनाही पडत असतील, असे थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या अभ्यास मंडळाने पदव्युत्तर माहिती प्रणाली अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात ‘व्यवसाय आणि शाश्वतता’ असा दोन श्रेयांकांचा ऐच्छिक विषय ठेवण्याचे ठरवले आहे. एवढे पुरेसे आहे का? नसल्यास आणखी काय करता येईल? – माहिती प्रणाली विषयाच्या प्राध्यापिका

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा ऐच्छिक विषय असणे बरे, पण तेवढे पुरेसे नाही, आणि त्याचे कारण केवळ तासांच्या तुटवड्याचे नाही. आधीच्या तीन सत्रांत विद्यार्थी गुंतवणुकीचे गणित, मागणीचा अंदाज, प्रणालीच्या गरजांचे विश्लेषण आणि डेटाबेसची रचना शिकतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी निसर्गावर किंवा कंपनीबाहेरच्या माणसांवर होणारा परिणाम हिशेबाबाहेर ठेवण्याची सवय त्याच्या हाताला लागलेली असते. चौथ्या सत्रात कोणी येऊन हा परिणाम महत्त्वाचा असल्याचे सांगितले, तरी त्याला ते फक्त आणखी एक मत वाटते, कारण ज्या साधनांनी तो काम करणार असतो ती साधने तशीच राहिलेली असतात. शिवाय ऐच्छिक विषय निवडतात ते बहुधा ज्यांना आधीपासूनच आस्था आहे असे विद्यार्थी. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, शाश्वतता ही अनिवार्य विषयांच्या गणितांत, आकृत्यांत आणि प्रश्नपत्रिकांत शिरली पाहिजे.

हे कसे करता येईल, ते वित्तव्यवस्थापनाच्या एका उदाहरणावरून पाहू. भविष्यातील रकमेचे वर्तमान मूल्य काढणे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. त्याच गणितात ५० वर्षांनी होणारे १० लाखांचे पर्यावरणीय नुकसान घाला. वार्षिक ५ टक्के वटाव दराने, म्हणजे भविष्यातील रक्कम दरवर्षी ज्या प्रमाणात कमी लेखली जाते त्या दराने, त्याचे आजचे मूल्य सुमारे ८७ हजार भरते, दर १.४ टक्के धरला तर तेच मूल्य सुमारे ५ लाख होते. हे दर मी मनाने घेतलेले नाहीत. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये हवामान बदलाच्या अर्थकारणावर जो अहवाल दिला, त्यातील दर साधारण १.४ टक्क्यांच्या आसपास होता, आणि विल्यम नॉर्डहाउस यांनी तो बाजारातील प्रत्यक्ष परताव्याशी विसंगत असल्याचा आक्षेप घेतला होता. नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्प्रेडशीटमध्ये हा एक आकडा बदलून पाहिला, की पुढच्या पिढीच्या नुकसानीला आपण आज किती किंमत देतो, हा प्रश्न त्या सूत्रात आधीपासूनच होता, हे त्याला दिसते. ‘आपल्या गरजा भागवताना भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा येऊ नये’ ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ सालची भूमिका पाठ करण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक शिकवून जातो.

आपल्या विषयात, म्हणजे माहिती प्रणालीत, सर्वांत सुपीक जागा आहे ती गरजांच्या विश्लेषणाची. घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या ॲपचा प्रकल्प विद्यार्थ्यांना नेहमीच दिला जातो. त्यात ‘मागणी शक्य तितक्या लवकर पोहोचली पाहिजे’ ही गरज कोणी लिहिली, ती कोणाची आहे, तिच्यामुळे वाहनांच्या किती फेऱ्या वाढतील, वाहकावर किती ताण पडेल आणि आवेष्टनाचे काय होईल, हे प्रश्न गरजांच्या दस्तऐवजातच विचारायला लावावेत. त्याच ॲपच्या पडद्यावर आधीपासून निवडलेला पर्याय ‘तातडीने’ असा असावा की ‘परिसरातील इतर मागण्यांबरोबर’ असा, हा रचनाकाराचा निर्णय आहे, आणि लाखो वापरकर्त्यांपैकी बहुतेक जण तो पर्याय न बदलता पुढे जातात. स्वीडनमधील कार्ल्सक्रोना येथे २०१४ मध्ये जमलेल्या संशोधकांच्या चर्चेतून जो जाहीरनामा पुढे आला, त्यात प्रणालीच्या शाश्वततेच्या पाच बाजू मांडल्या आहेत : पर्यावरणीय, सामाजिक, आर्थिक, वैयक्तिक आणि तांत्रिक. विद्यार्थ्यांना आपल्या प्रकल्पाचे तात्कालिक आणि दूरगामी परिणाम या पाच बाजूंनी मांडायला सांगितले, की वर्गातली चर्चा सामान्य सदिच्छांवरून प्रत्यक्ष रचनेवर येते.

अभ्यास मंडळापुढे जाताना एक गोष्ट हाताशी असू द्यावी. संगणकशास्त्र आणि माहिती प्रणाली या क्षेत्रांतील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी, म्हणजे एसीएम आणि एआयएस यांनी, पदव्युत्तर माहिती प्रणाली अभ्यासक्रमाचा २०१६ मध्ये जो नमुना तयार केला, त्यातील नऊ क्षमता-क्षेत्रांपैकी एक ‘नैतिकता, परिणाम आणि शाश्वतता’ हे आहे. तेव्हा आपण विषयाबाहेरचे काही आणत आहोत, असे कोणी म्हणू शकणार नाही. ऐच्छिक विषय राहू द्या. मात्र त्याच्या जोडीला पहिल्या वर्षी तीन अनिवार्य विषयांतील प्रत्येकी एक स्वाध्याय बदलून घ्या. संपूर्ण अभ्यासक्रमाची पुनर्रचना मंजूर होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर दोन-तीन तुकड्या तशाच बाहेर पडतात.

प्रश्न : कागदाची जागा पडद्याने आणि प्रवासाची जागा व्हिडिओ बैठकीने घेतली की पर्यावरणाचा फायदा होतो, असे आम्ही शिकलो. माहिती तंत्रज्ञान स्वतःच जर उपाय असेल, तर त्याच्या विद्यार्थ्यांना शाश्वततेचे वेगळे धडे कशासाठी? – पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : फायदा होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही, आणि किती झाला हे मोजल्याखेरीज कळत नाही. तंत्रज्ञानाचा स्वतःचा भार आणि तंत्रज्ञानामुळे इतरत्र होणारी बचत हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दोन्ही मांडल्याशिवाय तुमचे विधान खरे की खोटे हे ठरत नाही.

आधी भार पाहू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरातील डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगातील एकूण विजेच्या वापराचा हा साधारण दीड टक्का होतो. २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाढता वापर हे त्यामागचे प्रमुख कारण आहे. ई-कचऱ्याची स्थिती अधिक चिंतेची आहे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कोठे जातो आणि त्यातील शिसे व पारा कोणाच्या अंगात उतरतो, हा प्रश्न पुरवठा साखळी शिकणाऱ्याने टाळता कामा नये.

आता स्वतः एक गणित करून पाहा. लॅपटॉपसारख्या उपकरणाच्या आयुष्यभरातील उत्सर्जनाचा मोठा हिस्सा ते तयार होतानाच झालेला असतो. समजा, एका लॅपटॉपच्या निर्मितीत २५० किलो आणि वापरात दरवर्षी २० किलो कार्बन डायऑक्साइड इतके उत्सर्जन होते. (हे आकडे केवळ स्वाध्यायासाठी धरलेले आहेत, प्रत्यक्षातले आकडे उत्पादकाच्या पर्यावरण अहवालातून घ्यावेत.) चार वर्षांनी लॅपटॉप बदलला तर वर्षाला ८२.५ किलो पडतात. सहा वर्षे वापरला तर सुमारे ६१.७ किलो, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश कमी. एखाद्या कंपनीच्या संगणक खरेदीच्या धोरणातील ‘दर चार वर्षांनी बदल’ ही एक ओळ किती वजनाची असते, ते यातून कळते. वीज कमी खाणारा नवा लॅपटॉप घेण्याचा मोह कधी सार्थ ठरतो आणि कधी नाही, हेही याच समीकरणातून काढता येईल.

बचतीची बाजूही खरी आहे. मालवाहतुकीचे मार्ग आखणाऱ्या, इमारतीतील विजेच्या मागणीचा अंदाज बांधणाऱ्या, कारखान्यातील गळती वेळीच दाखवणाऱ्या प्रणाली मोठे काम करतात, आणि माहिती प्रणालीच्या संशोधकांनी याकडे गांभीर्याने वळावे, अशी मांडणी ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या नियतकालिकात २०१० मध्येच झाली होती. मात्र बचतीच्या प्रत्येक दाव्याला एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते की, वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागल्यावर इंग्लंडमधील कोळशाचा खप वाढला, कारण वाफेची शक्ती स्वस्त झाली आणि तिचा वापर नव्या नव्या ठिकाणी होऊ लागला. साठवणूक स्वस्त झाल्यावर आपण किती निरुपयोगी डेटा साठवतो, हे पाहिले की जेव्हन्सचे निरीक्षण आजही किती लागू पडते ते ध्यानात येते. तेव्हा तुमच्या प्रकल्प अहवालात ‘कागद वाचला’ असे लिहिताना सर्व्हर, उपकरणे आणि वाढलेला वापर हे वजा करून काय उरते, तेही लिहा.

प्रश्न : मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना डेटाबेस शिकवतो. कंपन्यांच्या उत्सर्जनाची आकडेवारी उदाहरणादाखल घ्यावी असे मनात होते. पण त्यातले पुष्कळ आकडे अंदाजाचे असतात आणि मोजण्याच्या पद्धतीही बदलत राहतात. असा डेटा वर्गात घेणे योग्य होईल का? – सहायक प्राध्यापक

उत्तर : अवश्य घ्यावा. ज्या कारणाने आपण कचरता आहात, त्याच कारणासाठी घ्यावा. पाठ्यपुस्तकातील ग्राहक, मागणी आणि बीजक यांच्या तक्त्यांत प्रत्येक आकडा निश्चित असतो. उत्सर्जनाच्या डेटात आकड्याला स्वतःचा इतिहास असतो, आणि तो इतिहास जपणारी रचना करणे हे डेटाबेसच्या विद्यार्थ्याचे खरे कसब आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या नावाने ओळखली जाणारी हिशेबाची पद्धत प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जगभर तीच आधारभूत मानली जाते. तिच्यात कंपनीचे उत्सर्जन तीन व्याप्तींत विभागले जाते. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर आणि वाहने यांतून होणारे उत्सर्जन पहिल्या व्याप्तीत येते. विकत घेतलेल्या विजेमागचे दुसऱ्या व्याप्तीत. आणि पुरवठादारांपासून ते विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत व विल्हेवाटीपर्यंतचे बाकी सर्व तिसऱ्या व्याप्तीत. या तिसऱ्या व्याप्तीचे २०११ च्या मानकात १५ उपप्रकार केलेले आहेत. पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा हाच असतो आणि सर्वांत कमी खात्रीचा डेटाही येथेच असतो.

विद्यार्थ्यांना प्रथम मोकळेपणाने तक्ता करू द्या. बहुतेक जण ‘कंपनी, वर्ष, उत्सर्जन’ असे तीन स्तंभ करतील. मग त्यांच्यापुढे मिथेनचा प्रश्न ठेवा. मिथेनचे उत्सर्जन तेवढ्याच तापमानवाढीच्या कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मांडण्यासाठी जो गुणक वापरतात, तो शंभर वर्षांच्या कालावधीसाठी आंतरसरकारी हवामान मंडळाच्या १९९५ च्या दुसऱ्या अहवालात २१ होता, २००७ च्या चौथ्या अहवालात २५ झाला आणि २०१३ च्या पाचव्या अहवालात २८. म्हणजे १०० टन मिथेन हे कधी २,१०० टन, कधी २,५०० टन, तर कधी २,८०० टन ठरते. कारखान्यात काडीचाही बदल न होता, केवळ गुणक अद्ययावत केल्यामुळे, २,५०० वरून २,८०० म्हणजे १२ टक्के वाढ दिसेल. तीन स्तंभांच्या तक्त्यात ही वाढ खरी की भासमान, हे सांगण्याची सोयच नसते. येथून पुढची रचना विद्यार्थी स्वतःच सुचवू लागतात : मूळ मोजमाप वेगळे ठेवावे, गुणकाचा तक्ता स्वतंत्र असावा, त्यात स्रोत, आवृत्ती आणि लागू असण्याचा काळ नोंदवावा, आणि एकूण बेरीज साठवून न ठेवता ती प्रत्येक वेळी काढावी. सामान्यीकरण, म्हणजे प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी राहील अशी तक्त्यांची विभागणी, कशासाठी करायचे, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा टप्पा विजेचा. २०१५ पासूनच्या मार्गदर्शक नियमांनुसार दुसऱ्या व्याप्तीचे आकडे दोन पद्धतींनी मांडता येतात. एका पद्धतीत कंपनी ज्या वीजजाळ्यातून वीज घेते त्याचे सरासरी उत्सर्जन धरतात. दुसऱ्या पद्धतीत कंपनीने केलेले करार आणि घेतलेली हरित ऊर्जा प्रमाणपत्रे धरतात. एकाच विजेचे दोन आकडे येतात आणि त्यांतील तफावत प्रचंड असू शकते. दोन्ही आकडे पद्धतीच्या नावासह साठवले नाहीत, तर पुढे अहवाल करणारा माणूस सोयीचा तेवढा उचलेल. तिसऱ्या व्याप्तीत आणखी एक सापळा आहे. पुरवठादाराकडून माहिती मिळत नसेल, तेव्हा खरेदीच्या रकमेला एका सरासरी गुणकाने गुणून उत्सर्जन काढतात. अशा हिशेबात खरेदी विभागाने घासाघीस करून दर १० टक्क्यांनी उतरवला, की तोच माल, त्याच कारखान्यातून येत असूनही उत्सर्जन १० टक्क्यांनी घटल्याचे दिसते. तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे ती प्रत्यक्ष मोजलेली आहे, पुरवठादाराने दिलेली आहे, की रकमेवरून काढलेली आहे, हे सांगणारा स्तंभ हवाच.

डॅशबोर्डपर्यंत पोहोचलात तर एक स्वाध्याय नक्की द्या. उत्पादन दुप्पट झाले आणि प्रत्येक नगामागचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटले, तर एकूण उत्सर्जन ६० टक्क्यांनी वाढते. एकाच डेटावरून एक आलेख खाली जाणारा आणि दुसरा वर चढणारा काढता येतो. दोन्ही आलेख खरे आहेत. मुख्य पडद्यावर कोणता ठेवायचा आणि का, याचे लेखी समर्थन विद्यार्थ्याकडून मागवावे.

वेळ उरल्यास हा डेटा कोणासाठी गोळा करायचा, हाही प्रश्न घ्या. आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांसाठी जून २०२३ मध्ये दिलेली दोन मानके गुंतवणूकदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. कंपनीच्या आर्थिक भवितव्यावर काय परिणाम होईल, हे ती विचारतात. अशाच अहवालांविषयीचे युरोपीय संघाचे २०२२ चे निर्देश त्याबरोबरच कंपनीचा समाजावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो, हेही विचारतात. त्या निर्देशांची व्याप्ती कमी करण्याचे प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आले, ही गोष्टही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. नियम बदलतात, म्हणून मूळ मोजमापे जपणारी रचना अधिकच गरजेची ठरते.

प्रश्न : वर्गात खेळ किंवा सिम्युलेशन वापरल्याने खरोखर काही साधते का, की तो फक्त विरंगुळा ठरतो? – व्यवस्थापन संस्थेतील अध्यापिका

उत्तर : खेळानंतरच्या चर्चेला खेळाइतकाच वेळ दिला तर पुष्कळ साधते, नाही तर विरंगुळाच होतो. डेनिस मेडोज यांनी तयार केलेल्या ‘फिश बँक्स’ या खेळात मासेमारी कंपन्या चालवणारे गट आपापला नफा वाढवतात आणि बहुतेक वेळा सर्वांचे मासे संपवून बसतात. कोणीही मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या पुरता समर्थनीय असतो. हे वाचून पटत नाही, अनुभवून पटते. हवामान धोरणांसाठी एमआयटीच्या सहकार्याने विकसित झालेले ‘एन-रोड्स’ हे सिम्युलेशन विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात विद्यार्थ्याला आपल्या आवडत्या उपायाचा परिणाम अपेक्षेपेक्षा किती कमी आहे, हे दिसते. चर्चेत मात्र ‘आपण स्वार्थी वागलो’ एवढ्यावर थांबू देऊ नका. माशांच्या साठ्याची माहिती वेळेवर आणि सर्वांना मिळाली असती तर काय बदलले असते, हे विचारा. माहिती प्रणालीचा विषय तेथून सुरू होतो.

प्रश्न : विद्यापीठाने मूल्यनिरपेक्ष राहावे, अशी माझी धारणा आहे. आम्ही व्यवस्थापनाचे शिक्षक विद्यार्थ्यांना कार्यक्षम निर्णय शिकवतो. पर्यावरणाचा प्रचार करणे हे आमचे काम नव्हे. आपले म्हणणे काय? – ज्येष्ठ प्राध्यापक

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते. प्रचार वर्गात नसावा, याविषयी आपले दुमत नाही. परंतु आज जे शिकवले जाते ते मूल्यनिरपेक्ष आहे, हे मात्र मला मान्य करता येत नाही. कंपनीने नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवावा, हीच तिची सामाजिक जबाबदारी, हे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे १९७० मधील प्रतिपादन ही एक मूल्यविषयक भूमिका आहे, आणि ती त्यांनी युक्तिवादासह मांडली होती. २०१९ मध्ये अमेरिकेतील १८१ मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार, समाज आणि भागधारक या सर्वांशी बांधिलकी जाहीर केली, तीही एक भूमिकाच आहे. वर्गात दोन्ही ठेवाव्यात, आणि त्या जाहीर बांधिलकीनंतर कंपन्यांच्या वर्तनात प्रत्यक्ष काय फरक पडला, हे पुराव्यांनिशी तपासायला सांगावे. यांतील एकच भूमिका सूत्रांमध्ये न बोलता गृहीत धरली जाते, तेव्हा तिच्याबद्दल प्रश्न विचारण्याची संधीच विद्यार्थ्याला मिळत नाही. माझ्या दृष्टीने प्रचार तो हा.

कार्यक्षमतेविषयीही एक प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांविषयी नोटीस काढली. गाडी तपासणी केंद्रात आहे की रस्त्यावर, हे तिच्यातील सॉफ्टवेअर ओळखत असे आणि केवळ तपासणीच्या वेळी प्रदूषण नियंत्रण पूर्ण क्षमतेने चालवत असे. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर होते. ते लिहिणारे अभियंते आणि त्याला संमती देणारे व्यवस्थापक उत्तम विद्यापीठांतूनच शिकलेले असणार. दिलेले उद्दिष्ट गाठणे या अर्थाने तो ‘कार्यक्षम’ उपाय होता. ते उद्दिष्ट कोणी, कोणत्या दबावाखाली ठरवले आणि कोणत्या टप्प्यावर कोणाला नकार देता आला असता, हे शिकवणे आपल्या कामाच्या कक्षेत येते, असे मला मनापासून वाटते.

एक पथ्य मात्र जरूर पाळावे. शिक्षकाने आपले मत सांगायला हरकत नाही, पण गुण मताला न देता युक्तिवादाला द्यावेत, आणि हे सत्राच्या सुरुवातीलाच स्पष्ट करावे.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राची अभ्यासक नाही. चुकीचे शिकवले जाईल, अशी भीती वाटते. – तासिका तत्त्वावरील शिक्षिका

उत्तर : आपल्याला हवामानशास्त्र शिकवायचेच नाही. निर्णय कसे घेतले जातात, माहिती कोणाकडून कोणाकडे जाते आणि हिशेबात काय धरले जाते, हे आपले क्षेत्र आहे आणि त्यात आपण तज्ज्ञ आहात. विज्ञानाचा भाग आला की त्या विभागातील सहकाऱ्याला एका तासासाठी बोलवावे; दोन शिक्षक एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहताना दिसणे हेही विद्यार्थ्यांसाठी शिक्षणच असते. जेथे संस्थेकडून अशा तासांचे मानधन किंवा कार्यभार धरला जात नाही, तेथे ती मागणी विभागाने लावून धरली पाहिजे. हे ओझे कंत्राटी शिक्षकांच्या सदिच्छेवर टाकणे अन्याय्य आहे.

प्रश्न : शाश्वततेवर प्रश्न विचारला की विद्यार्थी पाठ केलेल्या व्याख्या आणि गोड वाक्ये लिहितात. परीक्षा घ्यावी तरी कशी? – विभागप्रमुख

उत्तर : ‘शाश्वत विकासाचे महत्त्व स्पष्ट करा’ असे विचारले तर तसेच उत्तर येणार. विद्यार्थी काय गांभीर्याने घेतो, हे प्रश्नपत्रिकाच ठरवते. युनेस्कोने २०१७ मध्ये ज्या आठ प्रमुख क्षमता सांगितल्या, त्यांत प्रणालीचा समग्र विचार, भविष्याचा वेध, चिकित्सक विचार, सहकार्य अशांचा समावेश आहे. यांतील एकही पाठांतराने तपासता येत नाही. म्हणून प्रश्नासोबत कागदपत्र द्यावे. एखाद्या काल्पनिक कंपनीच्या अहवालाची दोन पाने द्या आणि विचारा : यातील कोणत्या दाव्याला आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी धरलेले वर्ष, दिलेले नाही? तिसऱ्या व्याप्तीतील कोणते उपप्रकार वगळले आहेत, आणि ते वगळल्याने निष्कर्ष बदलतो का? किंवा नव्या प्रणालीचे दोन प्रस्ताव द्या, त्यांतील एक स्वस्त आणि दुसरा दीर्घायुषी, आणि संचालक मंडळासाठी एका पानाची शिफारस लिहायला सांगा, ज्यात आपल्या शिफारशीविरुद्धचा सर्वांत प्रबळ मुद्दाही नोंदवलेला असावा. अशा उत्तरांच्या तपासणीला वेळ अधिक लागतो, हे खरे. त्यासाठी प्रश्नांची संख्या कमी करावी.

प्रश्न : आमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आम्ही एक वेब ॲप्लिकेशन बनवत आहोत. त्याची शाश्वतता मोजायची असेल तर सुरुवात कोठून करावी? – विद्यार्थ्यांचा एक गट

उत्तर : सॉफ्टवेअरच्या कार्बन तीव्रतेसाठी एक मानक उपलब्ध आहे, ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने ते तयार केले आणि २०२४ मध्ये त्याला आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याचे सूत्र सोपे आहे. सॉफ्टवेअर चालवायला लागणारी वीज गुणिले त्या विजेच्या प्रत्येक युनिटमागचे उत्सर्जन, अधिक यंत्रसामग्रीच्या निर्मितीतील उत्सर्जनाचा आपल्या वाट्याचा भाग, आणि ही बेरीज एका ठरावीक एककाने भागायची. ते एकक म्हणजे एक वापरकर्ता, एक व्यवहार किंवा एक शोध, असे काहीही असू शकते. एकक आधी ठरवून लिहून ठेवा. निकाल पाहून बदलू नका.

नंतर तीन ठिकाणी पाहा. पानावर गरजेपेक्षा मोठ्या प्रतिमा आणि अनावश्यक स्क्रिप्ट पाठवल्या जातात का. डेटाबेसला तीच चौकशी वारंवार केली जाते का. आणि रात्री चालणारी अहवालांची कामे वीजजाळ्यात स्वच्छ विजेचे प्रमाण जास्त असलेल्या वेळी सरकवता येतात का. तुम्ही वापरत असलेल्या क्लाउड सेवेचे केंद्र कोणत्या प्रदेशात आहे, यानेही आकडा बराच बदलतो, कारण जलविद्युत मुबलक असलेल्या आणि कोळशावर चालणाऱ्या वीजजाळ्यांत मोठे अंतर असते. केंद्र बदलल्यामुळे मिळालेली सुधारणा आणि तुमचा कोड सुधारल्यामुळे मिळालेली सुधारणा या दोन स्वतंत्र ओळींत दाखवा. ज्या बाबी मोजता आल्या नाहीत, उदाहरणार्थ वापरकर्त्यांच्या फोनमधील वीज, त्यांची यादी अहवालाच्या शेवटी न टाकता निकालाच्या तक्त्याखालीच द्या, म्हणजे परीक्षकाला आकडा आणि त्याच्या मर्यादा एकत्र वाचता येतील.